कोरा चेक

आडनाव 'कोरा' असणं ही बँकवाल्याच्या दृष्टीनं फार गंभीर बाब आहे. कोरा चेक म्हणजे सही आहे पण रक्कम नाही. देणाऱ्याची झोप उडते ती उडतेच, पण घेणाऱ्याचीही उडते, कारण आकडा किती टाकावा हे त्या बिचाऱ्याला ठरवता येत नाही. ३० मे १९०८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात एक मुलगा जन्माला आला आणि बारशाआधीच त्याच्या हातात असा एक कोरा चेक पडला. नाव मेल्विन, आडनाव ब्लँक. पुढे हे कुटुंब ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड गावी राहायला गेलं. तिथल्या शाळेत हा मुलगा अभ्यास सोडून बाकी सगळे आवाज काढायचा. शाळेच्या लांबलचक कॉरिडॉरमधून विकट हसत पळत जायचं आणि आपलं हसू भिंतींवर आपटून कसं परत येतं ते कान देऊन ऐकायचं, हा त्याचा आवडता विषय. या विषयाला गुण नव्हते. शेवटी एका शिक्षकांनी सुनावलं, की तू तुझ्या आडनावासारखाच निघणार. कोरा!

मुलाला ते लागलं. त्यानं आडनावाच्या शेवटचं इंग्रजी 'के' काढलं आणि तिथं 'सी' बसवलं. झाला नवा ब्लँक! आता गंमत बघा, मराठीत लिहायला बसलं की जुना ब्लँक आणि नवा ब्लँक अगदी सारखेच. म्हणजे देवनागरीनं या भांडणात सरळसरळ मास्तरांची बाजू घेतली. फ्रेंच भाषेला विचारावं, तर या सुधारित स्पेलिंगचा तिथला अर्थ 'पांढरा'. पुन्हा कोराच! आमच्या काउंटरवर सहीतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर चेक परत जातो. हा चेक मात्र वटला, आणि असा वटला की साठ वर्षं त्यातून पैसे निघत राहिले. मेल ब्लँक हा अमेरिकेतल्या कार्टूनच्या दुनियेतला सर्वांत मोठा आवाज ठरला.

वाचकहो, हे नाव तुम्ही ऐकलेलं नसण्याची शक्यता आहे. पण या माणसाला तुम्ही ऐकलेलं नसण्याची शक्यता जवळजवळ नाही. १ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली. (त्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन होता. दोन्हींशी वाहिनीचा संबंध नाही, पण सुट्टी असल्यामुळे आरंभ चांगला झाला असावा.) तेव्हापासून मराठी घराघरांतून गाजर कुरतडणारा बग्ज बनी, थुंकी उडवत बोलणारा डॅफी नावाचा बदक, वाक्य सुरू केल्यावर संपवायचं कसं या विवंचनेत असलेला पोर्की नावाचा डुक्कर, पिंजऱ्यातली ट्वीटी, तिच्यावर टपलेला सिल्वेस्टर बोका, मिशाळ योसेमिटी सॅम, आणि पाषाणयुगातल्या फ्रेड फ्लिंटस्टोनचा शेजारी बार्नी अशी मंडळी बोलू लागली. इंग्रजीत बोलत होती, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटे, मुलांचं इंग्रजी सुधारतंय. ज्यांनी पोर्कीकडून इंग्रजी उचललं त्यांचं पुढे काय झालं, हा स्वतंत्र विषय आहे. मुद्दा असा, की ही सगळी मंडळी म्हणजे एकच माणूस होता.

त्याला 'हजार आवाजांचा माणूस' म्हणतात. समीक्षेची सुरुवात इथूनच केली पाहिजे, कारण असला गोल आकडा दिसला की वाणिज्य शाखेच्या माणसाचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. हजार म्हणजे नक्की किती? आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी करायचे, आणि तो आकडा ऐकूनच आपले डोळे पांढरे होतात. हजारातून रेडिओवरचे दोन-दोन वाक्यांचे वाटसरू, गुरगुरणारी जनावरं, खोकणाऱ्या मोटारी आणि एकाच आवाजाचे चुलत-मावस भाऊ वजा केले, तर शिल्लक राहतात फार तर दीड-दोन डझन. माझ्या मते त्याची खरी कमाई तेवढीच आहे, आणि ती हजारांपेक्षा मोठी आहे. हजार आवाज काढणारे नकलाकार गावोगावच्या गॅदरिंगमध्ये सापडतात. त्यांचे आवाज बदलतात, पण बोलणारा माणूस बदलत नाही. ब्लँकचा आवाज बदलला की माणूस बदलतो. त्याची उंची, वजन, स्वभाव, फार काय त्याची सांपत्तिक स्थितीसुद्धा बदलते.

ही विद्या काही एका रात्रीत आली नाही. १९२७ साली पोर्टलंडच्या रेडिओ केंद्रावर त्यानं उमेदवारी सुरू केली. पुढे लॉस एंजेलिसला जॅक बेनी या त्या काळच्या गाजलेल्या रेडिओ-विनोदवीराकडे त्याला काम मिळालं. बेनीनं रेडिओवर स्वतःची प्रतिमा महाकंजूष अशी करून ठेवली होती. त्याच्या तळघरात तिजोरी, आणि तिजोरीवर पहारा द्यायला पांढरं अस्वल. ब्लँकला काम मिळालं ते या अस्वलाचं. गुरगुरायचं, एवढंच. कित्येक महिने त्यानं इमानेइतबारे गुरगुर केली, आणि मग एक दिवस बेनीला सांगितलं, की साहेब, मला बोलताही येतं! (अशा पहारेकऱ्याची आमच्या व्यवसायाला किती गरज आहे, हे मी सांगायला नको.) त्याच कार्यक्रमात बेनीची जुनी मॅक्सवेल मोटार होती. एकदा तिच्या आवाजाची तबकडी ऐनवेळी वाजेना, तेव्हा ब्लँकनं माइक पुढे ओढला आणि खोकून, शिंकून, धापा टाकून तोंडानंच मोटार सुरू करून दाखवली. पुढे ती मोटार कायमची त्याच्याकडे आली. त्या मोटारीच्या खोकण्यात आणि नुसत्या आवाजात फरक काय? ती मोटार सुरू व्हायला मनापासून प्रयत्न करते आहे, हे ऐकू येतं. तिची दया येते. ब्लँकच्या विनोदाची किल्ली इथं आहे. त्याच्या प्रत्येक आवाजाला काहीतरी हवं असतं.

कार्टूनच्या स्टुडिओत मात्र शिरकाव मिळत नव्हता. लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओत (जिथली कार्टून्स वॉर्नर ब्रदर्स दाखवत असे) हा पुनःपुन्हा जाई आणि तिथले गृहस्थ 'आमच्याकडे हवे तेवढे आवाज आहेत' म्हणून परत पाठवीत. जागा भरलेल्या आहेत हे वाक्य जगभर एकाच चालीत म्हणतात असं दिसतं. शेवटी एक दिवस ब्लँकची गाठ ट्रेग ब्राउन या दुसऱ्या माणसाशी पडली आणि परीक्षा झाली. पहिलं काम मिळालं ते दारू प्यायलेल्या बैलाचं. साल १९३७.

त्याच वर्षी पोर्की त्याच्याकडे आला, आणि त्याची कथा हसावं की गप्प बसावं अशी आहे. पोर्कीला आधी आवाज देत होते जो डॉगर्टी. ते खरोखरच अडखळत बोलत. पण खऱ्या अडखळण्याला घड्याळ कळत नाही; एकेका वाक्याला हवी त्याहून जास्त फिल्म खर्च व्हायला लागली. तेव्हा स्टुडिओनं डॉगर्टींना बाजूला केलं आणि ज्याला अजिबात अडखळायला होत नाही अशा ब्लँकला अडखळण्यासाठी नेमलं. खरा टेम्पररी ठरला, खोटा पर्मनंट झाला! व्यवहार म्हणून हे बिनतोड आहे, आणि कलेच्या दृष्टीनंही खरं सांगायचं तर ब्लँकचा पोर्की सरस आहे. तो एका शब्दावर अडतो, दोनदा धडका मारतो, आणि मग तो शब्दच सोडून देऊन भलत्याच शब्दाच्या खिडकीतून बाहेर उडी टाकतो. अडण्यापेक्षा सुटण्याचा विनोद आहे तो. तरीही मला पोर्की ऐकताना मधूनच डॉगर्टींची आठवण होते. आपलंच दुखणं दुसरा आपल्यापेक्षा वेळेवर करतो म्हणून नोकरी गेलेला हा जगाच्या इतिहासातला बहुधा एकमेव माणूस असेल.

या कामाची पद्धत पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याला वाटतं, आधी चित्रं हलतात आणि मग कोणी पडद्याकडे बघत आवाज भरतो. तिथं उलटं असतं. आधी संवादाचं ध्वनिमुद्रण, मग त्याबरहुकूम चित्रं. चित्रकार कानांत तो आवाज घेऊन ओठ, भुवया, खांदे काढतो. म्हणजे बग्ज बनी भुवई उचलतो ती ब्लँकनं आधी आवाजात उचललेली असते. गाजरही खरंच. बग्जसाठी माइकपुढे खरं गाजर चावायचं आणि लगेच जवळच्या बादलीत थुंकायचं, कारण गिळत बसलं तर पुढचं वाक्य चुकतं. जगातल्या लाखो पोरांना गाजर खायला लावणाऱ्या माणसानं त्यातलं पोटात फारसं काही घेतलं नाही. आता यंत्राचीही मदत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. ट्वीटी आणि डॅफीचे आवाज मुद्रणाचा वेग बदलून बारीक केलेले आहेत. डॅफी आणि सिल्वेस्टर तर मुळात एकाच घशाचे जुळे. एकाचा वेग वाढवला की बदक, नाही वाढवला की बोका. पण तरी बदक हा हावरा अहंकारी आहे आणि बोका हा हावरा दुर्दैवी आहे, हा फरक कुठल्या यंत्रातून आला? तो ब्लँककडेच होता.

उसनवारीही पुष्कळ आहे. फॉगहॉर्न लेगहॉर्न हा छाती काढून बोलणारा कोंबडा त्या काळच्या एका रेडिओ कार्यक्रमातल्या सिनेटर क्लॅगहॉर्नवरून उचललेला. पेपे नावाचा प्रेमवीर प्राणी फ्रेंच नट शार्ल ब्वाये यांच्या वळणाचा. 'फ्लिंटस्टोन्स' ही मालिका 'हनिमूनर्स' या मालिकेच्या साच्यातून काढलेली, त्यामुळे बार्नीच्या मागे आर्ट कार्नी उभे. कर्ज काढलं म्हणून कोणाला नावं ठेवावीत असं मी म्हणणार नाही, आमचं पोटच त्यावर चालतं. प्रश्न एवढाच, की उचललेल्या रकमेचं केलं काय? सिनेटर क्लॅगहॉर्न आज कोणाला आठवत नाही. कोंबडा सगळ्यांना आठवतो. मुद्दल बुडालं आणि व्याज अमर झालं, असं हे खातं आहे.

एका कार्टूनवरून या माणसाचं मोठेपण ठरवायचं झालं, तर मी १९५१चं 'रॅबिट फायर' निवडीन. दिग्दर्शक चक जोन्स. गोष्ट म्हटली तर अर्ध्या ओळीची. शिकारी एल्मर फड बंदूक घेऊन उभा आहे; ससा म्हणतो हंगाम बदकांचा आहे, बदक म्हणतो सशांचा. त्यात एका जागी बदक सशाचं सोंग घेऊन येतो, तर ससा बदकाचं. आता हिशेब करा. एका घशातून चार माणसं बोलताहेत: ससा, बदक, सशाची नक्कल करणारा बदक आणि बदकाची नक्कल करणारा ससा. चौघं वेगळे ऐकू येतात! बदकानं काढलेल्या सशाच्या आवाजात सशाचा निवांतपणा येत नाही, कारण बदकाला निवांत होणं जमणारच नाही. त्याची घाई नकलेच्या शिवणीतून बाहेर डोकावते. सशानं केलेलं बदक मात्र मजेत आहे, कारण सशाला ही नक्कल करताना गंमत वाटते आहे. नकलाकार दुसऱ्याची नक्कल करतो हे आपण पाहिलंय. पण आपल्याच एका पात्राला आपल्याच दुसऱ्या पात्राची नक्कल बेतानं कच्ची करायला लावायची, हे काम भल्याभल्या नटांच्या आवाक्याबाहेरचं आहे. चेहरा, हात, पाय, यांतलं काहीही न वापरता केलेला हा अभिनय आहे, आणि त्याला अभिनयच म्हटलं पाहिजे.

याच कार्टूनमध्ये एक तिसरा आवाज आहे. एल्मर फडचा. तो ब्लँकचा नाही, आर्थर क्यू. ब्रायन या नटाचा आहे. श्रेयनामावलीत मात्र आवाजासाठी नाव एकच: मेल ब्लँक. हे कसं झालं ते ब्लँकनं आपल्या १९८८च्या आत्मचरित्रात सांगितलंय. १९४०च्या दशकात त्यानं श्लेसिंगरसाहेबांकडे पगारवाढ मागितली. साहेब पैशाला घट्ट. म्हणाले, नाही. मग ब्लँक म्हणाला, निदान पडद्यावर नाव तरी द्या. साहेबांना ते एकदम पसंत पडलं, कारण नावाला पैसे पडत नाहीत! तेव्हापासून कार्टूनच्या सुरुवातीला त्याचं नाव झळकू लागलं. तोवर आवाजवाल्यांचं नाव देण्याची पद्धतच नव्हती. वाढीच्या जागी हुद्दा देण्याची ही युक्ती नोकरदार वाचकांना ओळखीची वाटेल. टेबल तेच, खुर्ची तीच, कामाचा ढीग तोच, फक्त नावाच्या पाटीवर एक शब्द वाढतो आणि घरी पेढे येतात.

ब्लँकला मात्र हा सौदा फळला. नाव दिसलं, म्हणून रेडिओवाल्यांनी विचारलं. रेडिओवाल्यांनी विचारलं, म्हणून पैसे आले. पण या सौद्याची दुसरी बाजू जमाखर्चात दिसत नाही. एकट्याचं नाव लागलं, म्हणून प्रेक्षकांनी धरून चाललं की सगळे आवाज याचेच. आर्थर ब्रायन वर्षानुवर्षं एल्मर फड बोलले आणि १९५९ साली वारले; पडद्याला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. ट्वीटीची सांभाळ करणाऱ्या आजीबाईंना आवाज देणाऱ्या जून फोरे, एरवी या व्यवसायातल्या पहिल्या मानाच्या बाई, त्याही त्या कार्टून्समध्ये बिननावाच्याच. ब्लँकनं कोणाचं नाव पुसलं नाही. पण त्याच्या नावाची सावली लांब पडली. त्याच्याविषयी लिहिणारे इथं एक तर टाळ्या वाजवतात नाही तर बोट दाखवतात. मला वाटतं, दोन्ही करावं. चहा पिणाऱ्या दहा जणांत एकालाच बशी मिळाली तर बशी मिळालेल्याचा दोष नाही, पण त्यानं एकदा तरी इतरांच्या हाताकडे बघायला हरकत नव्हती.

आवाज कोणाचा, हा प्रश्न त्यालाही एकदा चटका देऊन गेला. शाळेच्या कॉरिडॉरमधलं ते विकट हसू आठवतंय? १९४० साली वुडी वुडपेकर या सुतारपक्ष्याला त्यानं तेच हसू दिलं होतं. पुढे श्लेसिंगरशी करार झाल्यामुळे त्यानं वुडी सोडला, पण हसू तिकडेच राहिलं आणि वाजत राहिलं. १९४८ साली वुडीच्या नावाचं गाणं तुफान चाललं, त्यातही हसू तेच. ब्लँक कोर्टात गेला. कोर्टात निकाल त्याच्याविरुद्ध गेला, मग आपसांत तडजोड झाली. ज्या हसण्यापायी मास्तरांनी कोरा ठरवलं, त्या हसण्यावर आता दुसऱ्याचा ताबा होता. घराची कागदपत्रं आपण लोखंडी कपाटात ठेवतो. हसण्याची कोण ठेवतं?

१९६० साल आलं आणि सिनेमागृहातली कार्टून्स दूरदर्शन संचावर आली. सप्टेंबरात 'फ्लिंटस्टोन्स' सुरू झालं, ऑक्टोबरात 'बग्ज बनी शो'. सिनेमासाठी सात मिनिटांचं कार्टून करायला जो वेळ आणि पैसा लागे, तो दर आठवड्याला अर्धा तास भरायचा म्हटल्यावर कुठून येणार? तेव्हा हॅना आणि बार्बेरा या जोडीनं काटकसरीचा मार्ग काढला. माणूस स्थिर, फक्त जबडा हलतो. पळताना मागचं तेच झाड, तीच खिडकी, तोच दिवा पुन्हा पुन्हा जातो. चक जोन्स याला कुचेष्टेनं 'सचित्र रेडिओ' म्हणत. टोला अचूक होता. पण त्यात एक प्रशस्तिपत्रही दडलेलं आहे. चित्र हलेनासं झालं की सगळं ओझं आवाजावर येतं, आणि ब्लँक तर जन्माचा रेडिओवाला! बार्नी रबल पडद्यावर करतो काय? उभा राहतो आणि हसतो. पण ते खालच्या पट्टीतलं, घशातल्या घशात घरंगळणारं हसू ऐकलं की हा शेजारी आपल्याला भांडी उसनी देईल, शिडी धरेल, आणि फ्रेडच्या प्रत्येक मूर्ख योजनेत नको म्हणत म्हणत सामील होईल, हे लगेच कळतं. फ्रेड झालेल्या अ‍ॅलन रीड यांच्या गडगडाटाला असंच मऊ उशीसारखं उत्तर हवं होतं. पहिल्या काही भागांत बार्नी जास्त नाकात बोलतो. पुढे आवाज खाली उतरला आणि माणूस घट्ट झाला.

याच्याउलट 'जेट्सन्स'मधले मिस्टर स्पेसली. येता-जाता नोकराला काढून टाकणारे हे साहेब १९६२पासून ओरडताहेत. त्यांना पाहून आमच्या जमातीला गुदगुल्या होतात हे खरं, पण समीक्षक म्हणून सांगितलं पाहिजे की तिथं ओरडण्यापलीकडे फारसं नाही. योसेमिटी सॅमही ओरडतो, पण तो बुटका आहे आणि त्याला ते विसरायचं आहे, हे त्याच्या ओरडण्यात ऐकू येतं. स्पेसलीसाहेबांना नुसताच राग येतो. 'सचित्र रेडिओ'च्या घाईत असे कितीतरी आवाज निघाले. आठवड्याला हजेरी लावायची म्हटली की कोणाचीही सही थोडी फराटा होते.

२४ जानेवारी १९६१. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरचं एक कुप्रसिद्ध वळण. समोरून आलेल्या मोटारीची धडक. ब्लँकची हाडं मोडली, डोक्याला जबर मार बसला, शुद्ध गेली. दोन आठवडे तो बेशुद्ध होता. घरचे हाका मारत होते, डॉक्टर हाका मारत होते. मेल उत्तर देईना. शेवटी एका डॉक्टरांनी वेगळंच विचारलं: 'काय बग्ज बनी, आज कसं वाटतंय?' आणि पलंगावरून क्षीण, पण अस्सल सशाच्या आवाजात उत्तर आलं, की मजेत, डॉक, तुम्ही कसे? ट्वीटीला विचारलं, ट्वीटीनंही उत्तर दिलं. तो ससा वर्षानुवर्षं भेटेल त्याला 'डॉक' म्हणत आला होता. समोर खरा डॉक्टर असण्याची ही पहिलीच वेळ! ही हकीकत पुढे त्या डॉक्टरांनीही सांगितली. मालक बेशुद्ध आणि भाडेकरू जागे, असा हा प्रकार. मला तो चमत्कार वाटत नाही. ज्या माणसानं चोवीस वर्षं रोज सकाळी स्वतःला बाहेर काढून आत दुसऱ्यांना बसवलं, त्याच्या घराचं दार कोणी उघडायचं? जे घरात होते त्यांनी.

पुढचे महिने तो नखशिखांत प्लॅस्टरमध्ये होता. बार्नीचे काही भाग डॉज बटलर या तितक्याच तोलामोलाच्या कलावंतानं सांभाळले. नंतर घरीच पलंगाभोवती यंत्रं मांडली, माइक तोंडावर लटकवला, बाकीचे नट खुर्च्या घेऊन भोवती बसले आणि उताणा पडलेला बार्नी हसू लागला. मालिका १९६६पर्यंत चालली, १६६ भाग झाले. ऐकताना कुठला भाग उभ्यानं केला आणि कुठला आडवा पडून, हे सांगता येत नाही. एकशे चार ताप असताना कामावर येणारे आमच्यातही आहेत. पण त्यांच्या कामात तो ताप दिसतो.

उणिवाही लिहायला हव्यात. त्याच्या परदेशी माणसांचे आवाज, मग तो मेक्सिकन असो की आणखी कोणी, पुष्कळदा ठोकळ्यातून काढलेले आहेत. आज ते खटकतात, आणि खटकावेत. 'स्पीडी गोन्झालेस' हा मेक्सिकन उंदीर याच कारणानं १९९९च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कनं बाजूला ठेवला. मग तिथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनीच तक्रार केली की आमचा हुशार उंदीर परत द्या, आणि २००२ साली तो परत आला. यावरून ठोकळा निर्दोष ठरत नाही. एवढंच ठरतं, की त्या ठोकळ्यात ब्लँकनं फुंकलेला उत्साह लोकांना आपला वाटला होता.

म्हातारपण घशाला आधी कळतं. १९८८च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या चित्रपटात ऐंशी वर्षांचा ब्लँक बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी बोलला. पण योसेमिटी सॅमचं ओरडणं झेपेना, ते जो अलास्की या तरुणाकडे गेलं. पुढच्याच वर्षी, १० जुलै १९८९ रोजी मेल ब्लँक गेला. आमच्याकडे चार जण निवृत्त झाले की त्यांचं काम एकाच्या गळ्यात घालण्याची रीत आहे. इथं एक गेला आणि त्याचं काम जेफ बर्गमन, जो अलास्की, बिली वेस्ट अशा किती जणांच्या गळ्यात वाटावं लागलं. १९९६च्या 'स्पेस जॅम'मध्ये बग्ज एकाचा आणि डॅफी दुसऱ्याचा. दोघेही चांगले आहेत. पण ससा आणि बदक भांडताना आता ते खरोखरच दोन माणसांचं भांडण वाटतं. पूर्वी ते एकाच माणसाचं स्वतःशी चाललेलं भांडण होतं, आणि ते कधीच मिटणारं नव्हतं.

हॉलिवूडमधल्या त्याच्या समाधीवर पोर्कीचं ते प्रसिद्ध वाक्य कोरलं आहे: मंडळी, संपलं! पण दगडावर ते वाक्य सरळ आहे. अडखळणं नाही, धडका नाहीत, खिडकीतून उडी नाही. पाथरवटानं एका दमात, अगदी वेळेवर संपवलंय. तेवढी एक प्रत मूळ आवाजाबरहुकूम नाही, अशी नोंद लाल पेन्सिलीनं करून मी हे खातं बंद करतो. शिल्लक भरपूर आहे. त्यातली थोडी जो डॉगर्टींच्या आणि आर्थर ब्रायन यांच्या नावे वळती करावी, अशी शिफारस आहे.